‘अ‍ॅक्सिलरेटर’ : एका शब्दाची हकीकत

हा शब्द आम्ही मोटारीत शिकलो नाही. रबराच्या एका कारखान्यात युनियनच्या कामासाठी गेलो असता पिवळट भुकटीच्या डब्यावर तो छापलेला दिसला. ड्रायव्हरच्या पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर आपणां सर्वांस ठाऊक आहे; पण भुकटीला हे नाव कशाला, हे ती ओतणाऱ्या कामगाराला सांगता येईना, आणि आम्हांलाही येईना. शाळा लवकर सुटलेल्या माणसाचा मास्तर म्हणजे शब्दकोश. त्यात सापडले, की मूळ लॅटिन शब्द ‘सेलेर’, म्हणजे चपळ. घाई करावयास लावतो तो अ‍ॅक्सिलरेटर. घाई कोणाला, एवढेच पाहावयाचे.

रबरात ती गंधकाला. गंधक मिसळून तापविलेले रबर उन्हात चिकटत नाही व थंडीत तडकत नाही, हे 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना उमगले. पण भट्टीला वेळ फार लागे. 1906 साली अ‍ॅक्रन शहरी डायमंड रबर कंपनीतले रसायनज्ञ जॉर्ज ओएन्स्लेगर यांनी त्यात अ‍ॅनिलीन घालून पाहिले. हलक्या प्रतीचे रबरही भराभर पक्के होऊ लागले. मात्र अ‍ॅनिलीन विषारी. ते कातडीतून अंगात भिनते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळे पडतात. म्हणून ओएन्स्लेगर यांनी त्यापासूनच बनणारे, पण कमी घातक असे थायोकार्बानिलाइड निवडले. वेग शोधणाऱ्यानेच विषाचाही विचार केला, ही गोष्ट आम्हांस त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

मोटारीची गंमत निराळी. 1908 सालच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला पायाचा अ‍ॅक्सिलरेटर नव्हताच. पायाशी पेडले तीन, पण वेगाचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली, चालविणाराच्या हाताशी. तीच गाडी जेथे बने, त्या कारखान्यात 1913 साली सरकती साखळी आली, आणि सांगाडा जुळविण्याचे सुमारे साडेबारा तासांचे काम पुढल्या वर्षी 93 मिनिटांवर उतरले. या वेगाचा दांडा मात्र कामगाराच्या हाताशी नव्हता. माणसे इतकी सोडून जाऊ लागली, की 1914 च्या जानेवारीत मालकाला दिवसाचे 5 डॉलर जाहीर करावे लागले. आपल्या मुंबईत 1928 साली विणकराला दोनांऐवजी तीन माग सांभाळावयास सांगितले, तेव्हा गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. तेथे हा इंग्रजी शब्द कोणी उच्चारला नसेल, दुखणे तेच.

पदार्थविज्ञानात घाई कणांना. 1932 साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांच्या माऱ्याने लिथियमचे अणुकेंद्र फोडले. अशा यंत्राला मराठीत कणवेगवर्धक म्हणतात. जिनिव्हाजवळच्या यंत्राचा घेर 27 किलोमीटर आहे. त्याचा धाकटा भाऊ इस्पितळात कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली त्यावर पहिल्या रोग्याचा उपचार झाला.

असो. त्या डब्यावरचा मजकूर मराठीत चिकटवावा आणि हातमोजे द्यावेत, अशी मागणी आम्ही केली. कामगारांच्या हातांवर चट्टे उठत होते. मजकूर आला नाही. हातमोजे आले, तेही रबराचे, म्हणजे त्यांतही थोडा अ‍ॅक्सिलरेटर होताच.