अवघड खेळाचा निवाडा

“लोकांना सोपें तेंच रुचतें,” हें सूत्र करमणुकीचा धंदा करणाऱ्यांच्या तोंडीं नेहमीं असतें. नाटकवाले आणि पुस्तकविक्रेतेही त्याचाच आधार घेतात. पडद्यावरील खेळांच्या इतिहासांत या सूत्राची एकदां चांगली कसोटी लागली. ती हकीकत, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

शिकागो येथील विल्यम्स ही कंपनी पिनबॉलच्या यंत्रांसाठीं नांवाजलेली होती. तिच्यासाठीं यूजीन जार्विस व त्यांचे सहकारी यांनीं ‘डिफेंडर’ नांवाचा खेळ रचला आणि १९८० च्या नोव्हेंबरांत तो व्यापारी प्रदर्शनांत मांडला गेला. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळांत सारें युद्ध एका पडद्यांत मावे. येथें मात्र विमान डावीउजवीकडे धांवूं लागलें कीं भूमि सरकत जाई, आणि पडद्याबाहेरचा शत्रु वरच्या लहानशा नकाशांत पाहावा लागे. विमान खालींवर नेण्यास एक दांडा आणि इतर कामांसाठीं तब्बल पांच बटणें! हा खेळ फारच बिकट आहे, असें प्रदर्शनांतील अनेकांचें मत पडलें.

खेळणारांनीं निराळाच कौल दिला. १९८१ पासून नाणें टाकून खेळावयाच्या दालनांत ‘डिफेंडर’ची सरशी झाली आणि त्याचीं पन्नास हजारांहून अधिक यंत्रें खपलीं. बटणांच्या गर्दीनें गोंधळून पाठ फिरवणारेही होतेच. परंतु जे टिकले, ते त्या बिकटपणाचेच भक्त झाले.

याचें मर्म खेळाच्या रचनेंत आहे. भूमीवर दहा माणसें वावरत असतात. शत्रु त्यांतील एकाला उचलून वर नेऊं लागतो. त्याला टिपलें, तर माणूस कोसळतो. त्याला अधांतरीं झेलून खालीं पोंचवावें लागतें. शत्रु माणसासह माथ्यावर पोंचला, तर दोघांचा मिळून अधिक क्रूर शत्रु बनतो. दहाही माणसें गेलीं, म्हणजे ग्रहच फुटतो. आपण कोठें चुकलों, हें खेळणाराला डोळ्यांदेखत दिसतें, आणि म्हणून हार त्याला अन्याय वाटत नाहीं.

याउलट १९८५ सालच्या कोनामी कंपनीच्या ‘ग्रेडियस’विषयीं जुन्या खेळाडूंची एक तक्रार आजही ऐकूं येते. एक आघात झाला, कीं कष्टानें मिळविलेलीं सारीं शस्त्रें जातात, आणि ऐन रणधुमाळींत नि:शस्त्र विमानानें पुन्हां आरंभ करावा लागतो. १९८६ मध्यें या खेळाची घरगुती आवृत्ति सिद्ध करतांना काझुहिसा हाशिमोतो यांना तो स्वतःलाच फार जड वाटला. चांचणीपुरती सोय म्हणून त्यांनीं बटणांचा एक गुप्त क्रम योजला. तो दाबतांच बहुतेक शस्त्रें हातीं येत. विक्रीच्या आवृत्तींतही तो राहिला आणि ‘कोनामी कोड’ या नांवानें जगभर गाजला. खेळाडूंच्या तक्रारीस खुद्द कर्त्याचीच ही साक्ष म्हणावयाची!

खेळणारा कष्टांना भीत नाहीं. ज्या हारींतून कांहीं शिकतां येत नाहीं, तिचाच त्याला तिटकारा असतो. लोकांच्या अभिरुचीविषयीं त्यांना न विचारतां निकाल देणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. ‘डिफेंडर’च्या कर्त्यांनीं तो ओळखला होता. १९८१ मध्यें त्यांनीं ‘स्टारगेट’ हा पुढचा खेळ काढला, तेव्हां त्यांत एकही बटण कमी केलें नाहीं. उलट आणखी एक वाढविलें!