उंबरा : एका घरगुती शब्दाची हकीकत

मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरविताना पहिला प्रश्न निघतो तो ‘उंबरे किती?’ असा. माणसे किती, हे कोणी विचारीत नाही. कचेरीच्या कागदावर आम्ही ‘कुटुंब’ लिहितो, पण बोलताना ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असेच म्हणतो. तेव्हा या स्मरणिकेत त्या शब्दाविषयी चार ओळी लिहाव्यात असे वाटले.

मूळ शब्द झाडाचा. संस्कृतात उदुंबर, त्याचे प्राकृतात उंबर झाले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दाराच्या चौकटीतील खालच्या आडव्या भागालाही उदुंबरच म्हटले आहे, आणि शिल्पशास्त्रात गाभाऱ्याच्या उंबऱ्याचे नाव तेच. म्हणजे देवाच्या दाराला आणि गरिबाच्या दाराला शब्द एकच. नरसिंहाने हिरण्यकश्यपूला मारले तेही उंबऱ्यावर, ना घरात ना बाहेर. आणि त्याच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, अशी कथा दत्तसंप्रदायात सांगतात. झाड आणि दार असे पुन्हा एकत्र येतात.

घरात नवी सून माप ओलांडून येते ती याच उंबऱ्यावरून. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावर शिंकू नये, हे आपण आजीकडून ऐकलेले. क्वचित येणाऱ्या पाहुण्याला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. ‘कचेरीचे उंबरे झिजविणे’ हा वाक्प्रचार आम्हा कारकुनांच्या वाट्याला आला आहे. आमच्याकडे आता उंबरा नाही, नुसती फरशी आहे. त्यामुळे झिजतात ते लोकांचे जोडे.

मात्र या शब्दाला एक कठोर बाजूही आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. जन्मभर विठ्ठलाचे नाम घेतले, पण उंबरा ओलांडता आला नाही. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पुढे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले आणि दहाव्या दिवशी ते सुटले. त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ चा, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात आलो. त्याच कायद्याच्या आधारे २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता आले. शिंगणापूरचे नवल असे, की तिथे घरांना चौकटी असतात, कवाडे नसतात.

गारखेडा आता शहरातच आला आहे. एका इमारतीत वीस दारे, त्यांत निम्मे भाडेकरू. त्यांचा उंबरा मोजायचा की नाही, यावर पारावर बराच खल होतो. माझ्या मते मोजावा. आरतीला जो येतो, त्याचा उंबरा गावातलाच.

आणखी एक विनंती कारागीर मंडळींना. नवी फरशी बसविताना गाभाऱ्याचा जुना दगडी उंबरा बहुधा फरशीखाली गाडला जातो. तो चार बोटे वर राहील अशी पातळी धरावी, आणि म्हाताऱ्या माणसांना ठेच लागू नये म्हणून एका बाजूस धरायला लोखंडी कठडा बसवावा.