‘मेलँकोलिया’, ‘हांद्रा’ आणि ‘उदासीनता’ : खिन्नतावाचक शब्दांचा तौलनिक इतिहास (रत्नागिरीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भाववाचक शब्दाचे भाषांतर करताना केवळ अर्थाचे स्थलांतर होत नाही. त्या भावाकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही पालटते. रत्नागिरी येथे १८८६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. मुंबई इलाख्यातील अशा इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांची वर्गवारी ‘मेनिया’, ‘मेलँकोलिया’, ‘डिमेन्शिया’ या संज्ञांखाली केली जात असे. रुग्ण आणि त्याचे आप्त मात्र आपली व्यथा मराठीत किंवा कोकणी बोलीत सांगत. सांगणे एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत, या स्थितीत ‘मेलँकोलिया’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न निव्वळ कोशकाराचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात इंग्रजी, रशियन व मराठी या तीन भाषांतील खिन्नतावाचक शब्दांच्या व्युत्पत्तीचा तौलनिक विचार करून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

इंग्रजी : देहात वसणारी खिन्नता

‘मेलँकली’ हा इंग्रजी शब्द ग्रीक भाषेतून आला. ‘मेलास’ म्हणजे काळे आणि ‘खोले’ म्हणजे पित्त. मानवी देहात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार द्रव असतात आणि काळे पित्त वाढले की मनुष्य खिन्न होतो, अशी ग्रीक वैद्यकाची धारणा होती. ‘स्प्लीन’ म्हणजे प्लीहा. हे काळ्या पित्ताचे स्थान मानले गेल्याने तो शब्दही इंग्रजीत खिन्नतेचा वाचक बनला. ‘ग्लूम’ या शब्दाचा प्रवास निराळा आहे. आरंभी कपाळाला आठ्या घालून रुष्ट दिसणे या अर्थी असलेला हा शब्द पुढे अंधार व मनाची काळोखी यांचा वाचक झाला.

रशियन : पाप आणि परकीय व्याधी

‘ग्लूम’चे रशियन भाषांतर करू पाहणाऱ्यापुढे एकच शब्द उभा राहत नाही. ‘म्राच्नस्त’ हा शब्द अंधारवाचक ‘म्राक’पासून बनला आहे. ‘पास्मुर्नी’ हे विशेषण ढगाळलेल्या आकाशाला व मनाला सारखेच लागू पडते. ‘उग्र्यूमस्त’मध्ये चेहऱ्यावरील रुष्टता प्रधान आहे. ‘उनीनिये’ हा शब्द मात्र धर्मक्षेत्रातला आहे. ग्रीक मठवासीयांनी ‘अकेडिया’ हा आठ दुष्ट विचारांपैकी एक मानला होता. स्लाव्ह धर्मग्रंथांत त्यासाठी ‘उनीनिये’ हा शब्द रूढ झाला. साहजिकच रशियन श्रद्धावंताच्या दृष्टीने खिन्नता हे एक पाप ठरले. ‘तस्का’ या प्रसिद्ध शब्दाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ रिक्ततावाचक ‘तोश्ची’ या शब्दाशी जोडतात. संस्कृत ‘तुच्छ’ हा त्याच कुळातील शब्द होय. या शब्दाच्या सर्व छटा एका इंग्रजी शब्दात मावत नाहीत, असे नाबोकोव्ह यांनी पुश्किनवरील आपल्या भाष्यात (१९६४) नोंदविले आहे.

‘हांद्रा’ हा शब्द ‘इपोहोंद्रिया’चे संक्षिप्त रूप आहे. मुळात तो बरगड्यांखालील, म्हणजे यकृत व प्लीहा असलेल्या भागाचा वाचक. ‘येव्गेनी अनेगिन’च्या १८२५ मध्ये प्रकाशित झालेल्या पहिल्या प्रकरणात पुश्किनने नायकाची व्याधी इंग्रजी ‘स्प्लीन’सारखी असल्याचे सांगून तिला ‘हांद्रा’ हे रशियन नाव दिले आणि तिचे कारण शोधले जावे, असेही सुचविले. येथे भाषांतराची क्रिया काव्यातच घडते. परकीय व्याधी स्वभाषेतील नाव धारण करून स्वदेशी होते.

मराठी : अलिप्ततेपासून खिन्नतेकडे

मराठीतील ‘उदास’ व ‘उदासीन’ हे शब्द ‘उद् + आस्’ या धातूपासून, म्हणजे बाजूला बसणे या अर्थापासून, सिद्ध झाले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘उदासीन’ म्हणजे तटस्थ राजा. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात ते भक्ताचे लक्षण आहे. संतवाङ्मयातही ‘उदास’ म्हणजे संसारापासून अलिप्त. अर्थात मराठी परंपरेत ही अवस्था प्रथम गुण म्हणून आली व कालांतराने खिन्नतेचा अर्थ पावली. दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात.

आधुनिक काव्यात हा दुसरा अर्थ ठळक झाला. रत्नागिरीजवळील मालगुंड येथे जन्मलेल्या केशवसुतांनी (१८६६-१९०५) इंग्रजी काव्याच्या परिचयातून मराठी कवितेत आत्मपर भावनेला स्थान दिले. बालकवींनी (१८९०-१९१८) तर अकारण उदासीनता हाच एका कवितेचा विषय केला. शेक्सपिअरच्या ‘व्हेनिसचा व्यापारी’ या नाटकाच्या आरंभी अँटोनिओलाही आपल्या खिन्नतेचे कारण कळत नाही. कारण न कळणे हे तीनही भाषांतील साहित्यात या भावाचे लक्षण ठरले, हे साम्य लक्षणीय आहे.

वैद्यकाच्या अंगाने पाहता आयुर्वेदात काळे पित्त नाही. मराठीत पित्त खवळते ते रागाने, खिन्नतेने नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘विषाद’ हा ऐंशी वातविकारांत गणला आहे. ‘वि + सद्’ म्हणजे खचणे, खाली बसणे. लॅटिनमधून आलेल्या ‘डिप्रेशन’चा दाबला जाणे हा मूळ अर्थ याच्या बराच जवळ जातो.

बोली आणि नोंद

कोकणातील बोलण्यात या अवस्थेसाठी ग्रांथिक शब्द क्वचितच येतात. ‘जीव लागत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘मनावर मळभ आले’ अशी वाक्ये ऐकू येतात. ‘मळभ’ हा पावसाळी आकाशाचा शब्द रशियन ‘पास्मुर्नी’प्रमाणेच मनालाही लागू पडतो. अनेकदा दोष बाहेरच्या बाधेकडे जातो आणि ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते. ‘मेलँकोलिया’ या एका नोंदीत हे सारे सामावून जाणे कठीण होते. पुढे ‘डिप्रेशन’साठी ‘नैराश्य’ हा प्रतिशब्द रूढ झाला. परंतु त्यात आशाभंगाचे कारण गृहीत धरले जाते. म्हणूनच ‘सगळे असताना निराशा कसली?’ असा प्रश्न घरचे लोक विचारतात आणि व्याधीचा ठपका रुग्णाच्या मनोधैर्यावर येतो. उलट ‘उदासीनता’ म्हटले तर ती विरक्ती वाटून उपचार लांबण्याचा संभव असतो.

निष्कर्ष

इंग्रजीने खिन्नता देहाच्या द्रवात पाहिली, रशियनने तिला पाप व परकीय व्याधी मानले, तर मराठीने तिला विरक्तीच्या शेजारी बसविले. त्यामुळे शब्दास शब्द ठेवून हे भाषांतर पूर्ण होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. या तरतुदीच्या पूर्ततेसाठी मराठी परिभाषेचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. देहविकार व मनोव्यथा हे दोन्ही अर्थ धारण करणारा आणि कारणाचा आरोप न करणारा ‘विषाद’ हा शब्द शास्त्रीय लेखनासाठी अधिक योग्य वाटतो. रुग्णाशी संवाद साधताना मात्र ‘जीव लागत नाही’ या त्याच्याच शब्दांपासून आरंभ करणे श्रेयस्कर होय.