घरगुती लघुरेल्वे आणि वास्तवदर्शी भूदृश्य : जॉन ॲलन यांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रेल्वेची लघुप्रतिकृती घरी उभारणे हा बहुधा मुलांचा खेळ समजला जातो. तथापि विसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत या छंदाला कलेचे स्वरूप प्राप्त झाले. केवळ इंजिन व डबे हुबेहूब बनविण्यापेक्षा रेल्वेभोवतीचा संपूर्ण प्रदेश साकारणे हे हौशी कलावंतांचे ध्येय बनले. अमेरिकन छायाचित्रकार जॉन ॲलन (१९१३-१९७३) यांचे या संदर्भातील कार्य आणि त्यांच्या निर्मितीचा शेवट यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

पार्श्वभूमी

लंडनचे जॉन एच. अहर्न यांनी १९३० च्या दशकात 'मॅडर व्हॅली' ही काल्पनिक रेल्वे घरी उभारली. गाव, टेकड्या, बंदर आणि रेल्वे यांचा एकसंध देखावा निर्माण करणाऱ्या आरंभीच्या प्रतिकृतींमध्ये तिची गणना होते. याच दृष्टीचा मोठा विस्तार पुढे अमेरिकेत ॲलन यांनी केला.

'गोरी अँड डिफीटेड' रेल्वे

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलन कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे स्थायिक झाले. त्यांच्या काल्पनिक रेल्वेच्या नावाचा उच्चार 'रक्तबंबाळ आणि पराभूत' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांसारखा होतो. नावातील ही थट्टा त्यांच्या स्वभावाची द्योतक होती. डब्यांच्या शंटिंगच्या कामावर त्यांनी इंजिनाऐवजी 'एमा' नावाचा डायनोसॉरही नेमला होता! पहिली छोटी प्रतिकृती त्यांनी मोडली नाही. १९५० च्या दशकात घराच्या तळघरात आरंभलेल्या तिसऱ्या व अखेरच्या रचनेत तिला सामावून घेतले.

ही रेल्वे 'एचओ' म्हणजे १:८७ या प्रमाणात होती. या प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, तर वास्तवातील १ किलोमीटरसाठी सुमारे साडेअकरा मीटर लोहमार्ग लागतो. तळघरात पर्वतप्रदेश मावणे अर्थातच अशक्य होते. म्हणून ॲलन यांनी काही डोंगर जमिनीपासून छतापर्यंत उभे केले. खोल दऱ्यांवर पूल बांधले आणि जागा दुप्पट भासावी यासाठी मोक्याच्या ठिकाणी आरसे बसविले.

काळाचा ठसा

ॲलन यांचे सर्वांत महत्त्वाचे योगदान याहून वेगळे आहे. तत्कालीन बहुसंख्य प्रतिकृती नव्याकोऱ्या व चकचकीत दिसत. ॲलन यांनी डब्यांवर धूळ, इंजिनांवर काजळी, पत्र्यांवर गंज आणि लाकडावर उन्हापावसाच्या खुणा दाखविल्या. वस्तू वापरली गेली की तिला वय येते, हे सत्य त्यांनी लघुरूपात उतरविले. त्यामागे छायाचित्रकाराची नजर होती. कॅमेऱ्याचे छिद्र अतिशय लहान ठेवून ते जवळच्या रुळापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व काही सुस्पष्ट टिपत. त्यामुळे प्रतिकृतीचे छायाचित्र खऱ्या प्रदेशाचे भासे. नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या या छायाचित्रांनी हौशी लोकांच्या पुढील पिढीची अभिरुची घडविली.

विनाश आणि जतन

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन यांचे निधन झाले. त्या वेळी रेल्वे पूर्णत्वास गेली नव्हती. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांच्या सुमारास घराला आग लागली आणि जवळजवळ दोन दशकांचे काम नष्ट झाले. लिन वेस्टकॉट यांच्या १९८१ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथामुळे व ॲलन यांच्या छायाचित्रांमुळे आज ती रेल्वे अभ्यासता येते. याउलट अहर्न यांची 'मॅडर व्हॅली' १९६१ मधील त्यांच्या निधनानंतर ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात आली आणि जतन झाली. महाराष्ट्रापुरते पाहता, भाऊ जोशी यांच्या अशाच छंदातून पुण्यातील कोथरूड येथे १९९८ मध्ये लघुरेल्वे संग्रहालय उभे राहिले, ही बाब उल्लेखनीय आहे.

समारोप

घरातील कलाकृतीचे आयुष्य बहुधा घरमालकाच्या आयुष्याशी बांधलेले असते. भिंतींना जखडलेली लघुरेल्वे तर सहज हलविताही येत नाही. म्हणून अशा निर्मितीचे नकाशे, छायाचित्रे व नोंदी कर्त्याच्या हयातीतच तयार होणे आणि शक्य तेथे ती संस्थेकडे सोपविली जाणे अगत्याचे ठरते. ॲलन यांनी प्रतिकृतीवर काळाच्या खुणा कोरल्या. प्रत्यक्ष काळापुढे मात्र त्यांची रेल्वे टिकली नाही, टिकली ती तिची छायाचित्रे. घरगुती कलेच्या इतिहासाला दस्तऐवजीकरणाचे महत्त्व पटवून देणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.