बीबीएवरचा आरोप

‘बीबीए कशाला? आधी इंजिनिअरिंग कर, नाहीतर सरळ बी.कॉम. आणि मग एमबीए.’ बारावीचा निकाल लागला की हा सल्ला पुण्यात मिळतो, तसाच दिल्लीतल्या मराठी घरांतही मिळतो. त्यामागचा पूर्वपक्ष असा : व्यवस्थापन ही अनुभवाने पिकणारी विद्या, ज्याने कधी पगार घेतला नाही की दिला नाही, त्या अठरा वर्षांच्या पोराला ती शिकवणं व्यर्थ.

युक्तिवाद भारदस्त आहे, पण त्यात अतिव्याप्ती आहे. आयआयएमच्या वर्गांत वर्षानुवर्षं इंजिनिअरांचा भरणा राहिला आणि त्यांतल्या अनेकांनी एक दिवसही नोकरी केलेली नसते. बावीस वर्षांचा अननुभवी चालतो आणि अठराचा चालत नाही, हे कुठल्या न्यायाने? दिल्लीजवळच्या रोहतकच्या आयआयएमने 2019 पासून बारावीनंतरच पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे प्रवेश मिळाला की वरचा सल्ला देणारे काकाच पेढे वाटतात!

एमबीए आधी निघालं आणि पदवीचे वर्ग नंतर, हा क्रमही इतिहासाला मान्य नाही. अमेरिकेत व्हार्टन स्कूल 1881 मध्ये निघालं ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे एमबीए आलं 1921 मध्ये. पुढे 1959 साली, तिथल्या व्यवस्थापन-शिक्षणाची पाहणी करणाऱ्या गॉर्डन-हॉवेल आणि पीअरसन यांच्या अहवालांनी पदवीस्तरावरच्या उथळ शिक्षणाचे वाभाडे काढले, हे खरं. पण इलाज म्हणून त्यांनी गणित, अर्थशास्त्र, वर्तनविज्ञान यांचा पाया पक्का करायला सांगितलं. वर्ग बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

आणि अठराव्या वर्षी काय कळत नाही? दिल्लीच्या सदर बाजारातला एक घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. माल 15 दिवसांच्या उधारीवर घेतो, 45 दिवसांच्या उधारीवर विकतो. माल आल्या दिवशीच खपला असं धरलं तरी मधले 30 दिवस पैसा त्याचा स्वतःचा अडकतो. विक्री दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही दुप्पट. वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, असं का होतं हे समजायला मिशी फुटावी लागत नाही. त्रैराशिक यावं लागतं.

खरी मेख या गणितातच आहे. रोहिणीतलं शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज 1987 पासून व्यवस्थापनाचे हेच विषय शिकवतं, तेही दिल्ली सरकारच्या अनुदानावर. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीला जायचं तर सीयूईटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. उलट राजधानी परिसरातल्या कितीतरी खाजगी महाविद्यालयांत बारावीला गणित नसलं तरी बीबीएचं दार सताड उघडं. पुढे संख्याशास्त्राच्या तासाला मास्तर सूत्र फळ्यावर लिहितो, पोरं पाठ करतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत पितळ उघडं पडतं. मग दोष पदवीला लागतो. हा हेत्वाभासच आहे : व्याप्ती तपासली ती सुमार महाविद्यालयांत, आणि निष्कर्ष काढला विद्याशाखेविषयी. सुमार इंजिनिअरिंग कॉलेजं काय थोडी आहेत? त्यांच्यावरून यंत्रशास्त्र निकालात काढा असं कोणी म्हणत नाही.

‘शेवटी एमबीए करायचंच ना?’ हा आक्षेप तर किरकोळ आहे. बी.एस्सी.वालाही एम.एस्सी. करतो.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे : पाटी लावून दुकान थाटणारे या क्षेत्रात फार झाले. 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए-बीएमएस आपल्या कक्षेत आणले, महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली, आणि मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असं बारसं करून वाट काढली. म्हणजे ‘त्यापेक्षा सरळ बी.कॉम. कर’ म्हणणाऱ्यांच्या हाती आता तीच मिठाई नव्या खोक्यात पडणार. त्यांनी पदवीचं नाव विचारणं सोडावं. प्रवेशाला गणित लागतं का, शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, आणि प्रकल्प-अहवाल विद्यार्थी स्वतः लिहितो की झेरॉक्सच्या दुकानातून आणतो, एवढं विचारावं.