माळ्यावरची फाईल

पूर्वी लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करायची वेळच येत नसे. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हाही या आजारावर औषध नव्हते. पहिली आशा दाखवली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी, १९४७-४८ मध्ये. त्यांना औषध पुरवणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधनाची सूत्रे होती आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती. हे नाव आपल्याकडे इतके अपरिचित राहावे, याचे मला नवल वाटते.

पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसला डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूभोवती दडलेल्या रोगपेशी मारण्यासाठी डोक्याला किरण देण्यावर भर दिला. मुले वाचू लागली. मात्र मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. किरणांनी ती मंदावली, की उंची खुंटते. कुणी फार लवकर वयात येते, कुणी उशिरा. मानेला किरण दिलेल्यांची थायरॉईड ग्रंथी तर कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी थकते. म्हणूनच पुढे रक्ताच्या कर्करोगात डोक्याचे किरण कमी होत गेले.

या बऱ्या झालेल्या मुलांसाठी टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली वेगळे क्लिनिक सुरू केले. रोग नसलेल्याला दरवर्षी तपासायचे, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवीच होती.

साताऱ्याजवळचे आमचे कोरेगाव वाघ्या घेवड्यासाठी प्रसिद्ध. इथल्या घरांत मुंबईहून पोर बरे होऊन आले, की फाईल माळ्यावर जाते. पोर मुलगी असेल, तर जरा जास्तच खोल. पुढे स्थळे यायची असतात ना! मग ती सुस्तावली, अंगाने सुटली, पाळी लांबली, तर 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक आणले जाते. खरे तर थायरॉईड कमी पडत असेल, तर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक स्वस्त गोळी पुरते. वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट निराळी. त्याची इंजेक्शने महाग, वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागणारी, आणि हाडांची टोके जुळून गेल्यावर उंचीसाठी निरुपयोगी. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवायची.

थायरॉईडची रक्ततपासणी साताऱ्यातही होते. मात्र किरण कुठे आणि किती दिले, हे डॉक्टरांना त्या फाईलमधूनच कळते.