दगड नंतरचे, नाटक आधीचं

अथेन्समधल्या डायोनिससच्या नाट्यगृहाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. इस्किलसची नाटकं याच दगडांसमोर झाली, असं वाटतं ना? जागा तीच, पण दगड बहुतेक नंतरचे. दगडी नाट्यगृह इ. स. पू. चौथ्या शतकात लायकर्गसच्या काळात उभं राहिलं. पुढचा कोरीव रंगमंच तर रोमन काळातला.

मग इस्किलसच्या नटांमागे काय होतं? रंगमंचामागच्या इमारतीला ग्रीक लोक 'स्किनी' म्हणत. मूळ अर्थ तंबू किंवा झोपडी. ते लाकूड टिकलं नाही, म्हणून पुरावा संहितेत शोधायचा. इ. स. पू. ४५८ मधलं 'अगामेम्नॉन' घ्या. सुरुवातीलाच पहारेकरी राजवाड्याच्या छतावर आहे. पुढे राजा दारातून आत जातो आणि आतच मारला जातो. म्हणजे माणसाचं वजन पेलणारं छप्पर आणि वापरातलं दार तेव्हा असणार.

रंगवलेल्या देखाव्यांचं काय? ॲरिस्टॉटल श्रेय सोफोक्लिसला देतो. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस सांगतो, इस्किलसच्या नाटकासाठी अगाथार्कसने काम केलं. विरोध दिसतो, पण सोफोक्लिसचा पहिला विजय इ. स. पू. ४६८ चा आणि इस्किलस गेला ४५६ च्या सुमारास. म्हणजे मधल्या बारा वर्षांत दोन्ही विधानं बसू शकतात. मात्र ॲरिस्टॉटल शंभरहून जास्त वर्षांनी लिहितोय, व्हिट्रुव्हियस चारशेहून जास्त. प्रत्यक्ष पाहणारा दोघांपैकी कुणीच नाही.

म्हणून तुमच्या नोंदवहीत प्रत्येक पुराव्यापुढे दोन तारखा लिहा: घटना कधीची, आणि पुरावा कधीचा. त्यांच्यातलं अंतर हाच बहुतेक वेळा तुमचा संशोधन-प्रश्न असतो.